निवडलेले आणि घडवलेले
(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेचे यश मोजायचे कसे, हा प्रश्न आपल्याकडे दरवर्षी निकालाच्या दिवशी निघतो आणि आठवड्याभरात विरून जातो. आज तोच प्रश्न मी एका परक्या क्षेत्रातून मांडणार आहे. ते क्षेत्र म्हणजे अमेरिकेतले कॉलेज फुटबॉल. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा खेळ नाही. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचे किंवा तो सहकाऱ्याकडे फेकायचा, आणि समोरच्याने अंगावर येऊन पाडायचे, असा हा अकरा-अकरा जणांचा दांडगा खेळ आहे. त्याच्या लोकप्रियतेशी मला आज कर्तव्य नाही. मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. तिथे मुलगा संस्थेत शिरण्याआधी त्याची जाहीर प्रतवारी झालेली असते, आणि बाहेर पडताना व्यावसायिक संघ त्याचे मोल जाहीरपणे ठरवतात. दोन्ही टोकांची नोंद इतक्या उघडपणे ठेवणारे शिक्षणाचे दुसरे क्षेत्र सापडणे कठीण. मुलगा मोठा झाला तो संस्थेने नेमका निवडला म्हणून, की नीट शिकवला म्हणून, याचा छडा लावायला ही जागा म्हणूनच सोयीची आहे.

आधी त्या व्यवस्थेची थोडक्यात ओळख करून घेऊ. एनएफएल ही बत्तीस संघांची व्यावसायिक लीग. युरोपातले सॉकर क्लब आठ-दहा वर्षांची मुले हेरून आपल्या अकादमीत वाढवतात. एनएफएल तसे काही करत नाही. हायस्कूल सोडून तीन वर्षे झाल्याशिवाय खेळाडूला तिथल्या निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, उतरता येत नाही. ओहायो स्टेटच्या मॉरिस क्लॅरेटने या नियमाला न्यायालयात आव्हान दिले. २००४ मध्ये तो खालच्या न्यायालयात जिंकला आणि अपिलात हरला. त्यामुळे अठरा ते बावीस या वयातल्या खेळाडूला पोसायचे, शिकवायचे आणि तयार करायचे काम विद्यापीठांकडेच राहिले. वरच्या गटात सुमारे एकशेतीस विद्यापीठे आहेत. १९९० च्या दशकापासून २०२५ मधल्या बदलापर्यंत प्रत्येकाला फुटबॉलसाठी ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. दर एप्रिलमध्ये सात फेऱ्यांच्या ड्राफ्टमध्ये अडीचशेच्या आसपास खेळाडू निवडले जातात. कॉलेज क्रीडेची नियामक संस्था एनसीएए हिच्याच अंदाजाप्रमाणे ड्राफ्टला पात्र ठरलेल्या कॉलेज खेळाडूंपैकी व्यावसायिक मैदानावर पोचणारे दोन टक्केही नसतात. या व्यवस्थेत मुख्य प्रशिक्षकाला दोन कामे असतात. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या घरी जाऊन त्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना आपल्या विद्यापीठाकडे वळवायचे, आणि आलेल्यांना खेळ शिकवायचा. पहिल्याला भरती म्हणू, दुसऱ्याला प्रशिक्षण. व्यावसायिक खेळाडू तयार होण्यात या दोहोंपैकी कशाचा वाटा मोठा, यावर तिथे अखंड वाद चालतो.

भरतीच्या बाजूचा पुरावा भक्कम आहे, आणि तो आधी पुरता मांडला पाहिजे. हायस्कूलच्या खेळाडूंना तारे देणाऱ्या रायव्हल्स, २४७ स्पोर्ट्स, ईएसपीएन अशा संस्था आहेत. पाच तारे वर्षाला तीस-पस्तीस मुलांना मिळतात, चार तारे काहीशे मुलांना, आणि तीन तारे त्याहून कितीतरी मोठ्या घोळक्याला. अलाबामा विद्यापीठात निक सेबन २००७ ते २०२३ या काळात मुख्य प्रशिक्षक होते. त्यांपैकी २०११ ते २०१७ अशी सलग सात वर्षे त्यांची भरती देशात पहिली गणली गेली. तिथे त्यांनी सहा राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली. २०२१ च्या ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत एकट्या अलाबामाचे सहा खेळाडू निवडले गेले आणि मायामी विद्यापीठाच्या २००४ मधल्या विक्रमाशी बरोबरी झाली. सेबन यांच्या हाताखाली तयार झालेले कर्बी स्मार्ट जॉर्जिया विद्यापीठात गेले. त्यांनीही भरती शिखरावर नेली, आणि २०२२ मध्ये जॉर्जियाचे पंधरा खेळाडू ड्राफ्टमध्ये गेले. सात फेऱ्यांच्या ड्राफ्टमधला हा उच्चांक ठरला. बड एलियट या क्रीडापत्रकाराने मांडलेला एक ठोकताळा प्रसिद्ध आहे. ताऱ्यांच्या नोंदी नीट ठेवल्या जाऊ लागल्यापासून २०२४ च्या हंगामापर्यंत जो जो संघ अजिंक्य ठरला, त्याच्या भरतीत निम्म्याहून अधिक मुले चार किंवा पाच ताऱ्यांची होती.

यावर प्रशिक्षणाचे समर्थक लगेच व्यावसायिक मैदानात नावारूपाला आलेल्यांची नावे पुढे करतात. ॲरन डोनाल्ड तीन ताऱ्यांचा, पॅट्रिक महोम्स तीन ताऱ्यांचा, खलील मॅक दोन ताऱ्यांचा. जॉश ॲलनला तर हायस्कूल संपताना वरच्या गटातल्या एकाही विद्यापीठाने विचारले नव्हते. तो आधी कॅलिफोर्नियातल्या रीडली या दोन वर्षांच्या कॉलेजात आणि मग वायोमिंग विद्यापीठात खेळला, आणि २०१८ मध्ये सातव्या क्रमांकावर निवडला गेला. नावे खरी आहेत, पण त्यांतून काढलेला निष्कर्ष कच्चा आहे. हिशेबापुरते आकडे धरून पाहू. पाच ताऱ्यांची तीस मुले असली आणि त्यांतली निम्मी ड्राफ्टमध्ये गेली, तर पंधरा होतात. तीन ताऱ्यांची दीड हजार मुले असली आणि त्यांतली सहा टक्केच गेली, तरी नव्वद होतात. मग व्यावसायिक संघांत तीन ताऱ्यांचे खेळाडू अधिक दिसणारच. तेवढ्यावरून तारे खोटे ठरत नाहीत. दर मुलामागे शक्यता किती, हे विचारले की पाच ताऱ्यांचा मुलगा पुष्कळ पुढे असतो. नामांकित अपवादांची यादी कितीही लांबवली तरी हे प्रमाण बदलत नाही.

इथवर भरतीचा पक्ष जिंकल्यासारखा दिसतो. पण त्याच्या पुराव्यात एक मोठी फट आहे. तारे देणारे काय पाहतात? उंची, वजन, वेग, हातांची लांबी, हाडापेराचा बांधा. ड्राफ्टआधी इंडियानापोलिसला जी चाचणी होते तिथे काय मोजतात? चाळीस यार्डांची धाव, जागच्या जागी उंच उडी, हातांची लांबी, वजन. सतराव्या वर्षी जे शरीर डोळ्यांत भरले, तेच एकविसाव्या वर्षी पुन्हा डोळ्यांत भरते. २४७ स्पोर्ट्सने तर पाच ताऱ्यांची संख्या ठरवताना पहिल्या फेरीतल्या बत्तीस जागाच डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत. तेव्हा तारे आणि ड्राफ्ट यांचा मेळ बसतो याचा एक अर्थ इतकाच, की दोन परीक्षकांनी एकाच गुणाला दोनदा गुण दिले. याचे ढळढळीत उदाहरण टेक्सास ए अँड एमचा शेमार स्ट्युअर्ट. त्या विद्यापीठाची २०२२ ची भरती तोवरच्या सगळ्या भरतींत वरचढ ठरवली गेली होती, आणि पाच ताऱ्यांचा स्ट्युअर्ट तिचा भाग होता. त्या वर्षी संघाने पाच सामने जिंकले आणि सात गमावले. स्ट्युअर्टचे काम प्रतिस्पर्ध्याच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला, गाठून पाडण्याचे. तीन हंगामांत मिळून ते त्याला साडेचार वेळाच साधले. तरीही २०२५ च्या ड्राफ्टमध्ये तो सतराव्या क्रमांकावर गेला, कारण चाचणीतले त्याचे आकडे थक्क करणारे होते. आता तो पहिल्या फेरीत गेला याचे श्रेय तीन वर्षांच्या शिकवण्याला द्यायचे, की तो आला तेव्हाच्या शरीराला?

महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना हा घोळ नवा नाही. दहावीला अव्वल आलेल्या मुलांना फी माफ करून आपल्याकडे ओढायचे आणि दोन वर्षांनी त्यांचेच फोटो फलकावर लावून आमचा निकाल पाहा म्हणायचे, ही खासगी क्लासची रीत आपण चौकाचौकात पाहतो. कॉलेज फुटबॉलमधला प्रत्येक नामांकित संघ ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी असाच फलक लावतो. तो फलक खोटा नसतो, पण मुलगा कुठून निघाला होता हे तो सांगत नाही. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हाच प्रश्न अमेरिकन विद्यापीठांच्या बाबतीत तपासला होता. नामांकित विद्यापीठांचे पदवीधर जास्त कमावतात हे उघडच दिसते. पण तितकीच गुणवत्ता असलेली, तशाच विद्यापीठांत प्रवेश मिळालेली आणि तरीही दुसरीकडे गेलेली मुले त्यांच्या शेजारी उभी केली, तेव्हा कमाईतला फरक बहुतांशी नाहीसा झाला. एका गटाच्या बाबतीत मात्र तो टिकला: गरीब घरांतून आलेल्या मुलांना नामांकित विद्यापीठाचा खरोखर फायदा झाला होता. हा अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. संस्थेचा हात कुठे लागतो ते पाहायचे असेल, तर भरलेल्या हातांनी येणाऱ्यांपेक्षा रिकाम्या हातांनी येणाऱ्यांकडे पाहावे.

तेव्हा योग्य माप म्हणजे अंतर. आत येताना मुलगा कुठे होता आणि बाहेर पडताना कुठे पोचला, यांतले अंतर. हे माप लावले की पहिली गोष्ट दिसते ती अशी, की भरती एकटी पुरत नाही. टेक्सास विद्यापीठाकडे पैसा आहे, खेळाडूंनी भरलेले राज्य आहे, नाव आहे. मॅक ब्राउन यांच्या शेवटच्या वर्षांतही तिथली भरती देशातल्या नामांकित भरतींत गणली जात होती. तरीही २०१४ च्या ड्राफ्टमध्ये टेक्सासचा एकही खेळाडू निवडला गेला नाही. १९३७ नंतर असे पहिल्यांदाच घडले. दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, त्याच विद्यापीठाचे अकरा खेळाडू निवडले गेले. राज्य तेच, नाव तेच, पैसा कदाचित आणखी वाढलेला. यातला काही भाग दुसऱ्या विद्यापीठांतून आणलेल्या खेळाडूंचा आहे हे मान्य केले पाहिजे. पण दहा वर्षांतला शून्य ते अकरा हा सगळा फरक ताऱ्यांच्या संख्येतून निघत नाही. मधे काही तरी बिघडले होते आणि मग सुधारले, आणि ते विद्यापीठाच्या दारातून आत आल्यानंतरचे होते.

आता उलट बाजू पाहू. आयोवा विद्यापीठात कर्क फेरेंट्झ १९९९ पासून मुख्य प्रशिक्षक आहेत. त्यांची भरती पहिल्या दहांत क्वचितच बसते. तरी तिथून ऑफेन्सिव्ह लाइनचे, म्हणजे पुढच्या फळीत उभे राहून आपल्या क्वार्टरबॅकला वाचवणारे, आणि टाइट एंडचे, म्हणजे त्या फळीच्या कडेला राहून अडवणारे आणि चेंडूही झेलणारे, खेळाडू सातत्याने व्यावसायिक संघांत जातात. रॉबर्ट गॅलरी तिथे टाइट एंड म्हणून आला आणि २००४ मध्ये पुढच्या फळीतला खेळाडू म्हणून दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. ब्रँडन शर्फ हायस्कूलमध्ये क्वार्टरबॅकच्या जागीही खेळलेला. २०१५ मध्ये तो पाचव्या क्रमांकावर गेला. २०१९ मध्ये हॉकेन्सन आणि फँट हे आयोवाचे दोन टाइट एंड पहिल्याच फेरीत निवडले गेले. एका विद्यापीठाचे दोन टाइट एंड एकाच वर्षी पहिल्या फेरीत जाण्याची ती पहिलीच वेळ. असे खेळाडू याच जागांवर का तयार होतात, याचे कारण शरीरात आहे. कोपऱ्यात राहून चेंडू झेलणाऱ्याचा पाठलाग करणाऱ्या कॉर्नरबॅकचा वेग सतराव्या वर्षी बहुतेक ठरून गेलेला असतो. तो शिकवता येत नाही. पुढच्या फळीतल्या खेळाडूला मात्र सव्वाशे-दीडशे किलोंचे शरीर, पायांची ठेवण आणि हात कुठे टेकवायचे याची तालीम लागते, आणि या तिन्ही गोष्टी अठरा ते बावीस या वयात हळूहळू येतात. त्याला पहिले वर्ष सामना न खेळता नुसते खायला, वजन उचलायला आणि शिकायला मिळाले तर फरक दिसतो. खाण्याचा उल्लेख सहज केलेला नाही. २०१४ पर्यंत विद्यापीठाने खेळाडूंना किती जेवण द्यायचे यावरही एनसीएएची मर्यादा होती. म्हणजे प्रशिक्षणाचा परिणाम सगळीकडे सारखा नसतो. जिथे कौशल्य उशिरा पिकते तिथे तो मोठा, आणि जिथे शरीर लवकर ठरते तिथे लहान.

क्वार्टरबॅकची जागा या दोहोंपासून वेगळी आहे, आणि तिथले सर्वांत बोलके उदाहरण जो बरोचे. ओहायो स्टेटमध्ये जागा न मिळाल्याने तो लुइझियाना स्टेटला आला. २०१८ मध्ये त्याच्या फेकींपैकी सुमारे ५८ टक्के झेलल्या गेल्या आणि त्यांतून सोळा टचडाउन झाले, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे पोचला. २०१९ मध्ये जो ब्रेडी हा तरुण प्रशिक्षक न्यू ऑर्लिन्सच्या व्यावसायिक संघाकडून तिथे आला आणि आक्रमणाची रचना बदलली. त्या हंगामात बरोचे प्रमाण ७६ टक्क्यांवर आणि टचडाउन साठवर गेले. संघ अजिंक्य ठरला आणि बरो २०२० मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. हात तोच आणि विद्यापीठही तेच. भरतीच्या पक्षाचा यावर एक रास्त आक्षेप आहे. त्या वर्षी बरोच्या फेकी झेलायला जमार चेस आणि जस्टिन जेफरसन होते, आणि असे झेलणारे असतील तर कोणाचेही आकडे वाढतील. आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. २०१८ मध्येही ते दोघे त्याच संघात होते. शिवाय जेफरसन हायस्कूल सोडताना फारसा कोणाच्या नजरेत नव्हता. २०२० मध्ये तो पहिल्या फेरीत गेला. ज्याला भरतीची देणगी म्हणायचे, तिच्यातही घडवण्याचा अंश निघतो.

जेफरसनसारख्या मुलाला कोणीतरी बोलावले, हीदेखील भरतीच होती. म्हणून भरती विरुद्ध प्रशिक्षण अशी रेघ जिथे ओढली जाते, ती जागाच मला चुकीची वाटते. भरती म्हणून जे ओळखले जाते त्यात दोन अगदी वेगळी कामे आहेत. एक म्हणजे जो मुलगा सगळ्यांनाच हवा आहे त्याचे मन आपल्याकडे वळवणे. याला पैसा लागतो, चकाचक व्यायामशाळा लागते, टीव्हीवरचे सामने लागतात, बोलघेवडेपणा लागतो. खेळाची समज लागतेच असे नाही, कारण मुलगा चांगला आहे हे आधीच जगाने ठरवलेले असते. दुसरे काम म्हणजे जो कोणालाच फारसा नको आहे त्याच्यात काय होऊ शकेल ते ओळखणे. रिचर्ड शर्मन स्टॅनफर्डला चेंडू झेलणारा म्हणून खेळत होता. तिथे त्याला बचावात कॉर्नरबॅक केले, आणि पुढे तो आपल्या पिढीतला एक अव्वल कॉर्नरबॅक ठरला. जेरी ह्यूज टेक्सास ख्रिश्चनला चेंडू घेऊन पळणारा म्हणून आला आणि क्वार्टरबॅकवर चाल करणारा होऊन २०१० मध्ये पहिल्या फेरीत गेला. जॉर्डी नेल्सन कॅन्सस स्टेटला शिष्यवृत्तीशिवाय आला होता. बचावातून त्याला पुढे झेलण्याच्या जागी आणले. जे. जे. वॉट सेंट्रल मिशिगनमध्ये टाइट एंड होता. ती शिष्यवृत्ती सोडून तो विस्कॉन्सिनला बिनशिष्यवृत्तीचा खेळाडू म्हणून गेला, तिथे बचावात उभा राहिला आणि २०११ मध्ये अकराव्या क्रमांकावर निवडला गेला. या प्रत्येक बाबतीत सगळे काही एका निर्णयावर ठरले: या शरीराची खरी जागा कोणती? हा निर्णय भरतीचा की प्रशिक्षणाचा? तो दोन्हींचा आहे, कारण पारख हे शिकवण्याचेच पहिले पाऊल आहे. ज्याला कोणता पाय कसा पडायला हवा हे शिकवता येते, त्यालाच सतरा वर्षांच्या मुलाच्या चालीतून तो पाय दिसतो. खरी रेघ मन वळवणे एका बाजूला आणि पारखून घडवणे दुसऱ्या बाजूला, अशी पडते.

यावर सेबन यांचे नाव घेऊन कोणी विचारेल की त्यांना नुसते मन वळवणारे म्हणायचे का? मुळीच नाही. ते बचावाच्या मागच्या फळीचे नाणावलेले शिक्षक होते आणि क्लीव्हलँडच्या व्यावसायिक संघात बिल बेलिचिक यांच्या हाताखाली बचाव सांभाळत होते. पण त्यांच्या यशात मन वळवण्याचा वाटा किती, हे पाहायची एक संधी इतिहासाने दिली आहे. २००५ आणि २००६ मध्ये ते मायामी डॉल्फिन्स या व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक होते. तिथे ड्राफ्टमुळे सगळ्या संघांना खेळाडू आळीपाळीने मिळतात, आणि मन वळवण्याला फारसा वाव नसतो. दोन हंगामांत त्यांनी १५ सामने जिंकले आणि १७ गमावले. कॉलेजमध्ये तीन अजिंक्यपदे मिळवणारे अर्बन मायर २०२१ मध्ये जॅक्सनव्हिलच्या व्यावसायिक संघाकडे गेले आणि २ विजय, ११ पराभवांनंतर हंगाम संपायच्या आत बडतर्फ झाले. उलट पीट कॅरोल कॉलेज आणि व्यावसायिक अशा दोन्हीकडे यशस्वी झाले. त्यांच्या सिअॅटल संघाने फेब्रुवारी २०१४ मध्ये सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला तेव्हा त्यात पाचव्या फेरीतले शर्मन आणि कॅम चॅन्सेलर होते, तिसऱ्या फेरीतला रसेल विल्सन होता. कोणी म्हणेल, प्रौढ व्यावसायिकांना सांभाळणे हे कामच निराळे. ते मान्य. तीन उदाहरणांवरून नियम सिद्ध होत नाही. पण मन वळवण्याची सोय काढून घेतली की प्रशिक्षकांची उतरंड बदलते, एवढे तरी त्यातून नक्की दिसते.

दुसरा आक्षेप यापेक्षा खोल आहे. उत्तम भरती हेच उत्तम प्रशिक्षण, असे काही जण मानतात. अलाबामाच्या सरावात उद्याच्या पहिल्या फेरीतल्या बचावपटूसमोर रोज उभे राहावे लागते, आणि त्याहून मोठा गुरू नाही. या म्हणण्यात पुष्कळ तथ्य आहे. सोबतीचा हात धरूनच माणूस वर जातो हे शाळेतही खरे आहे. पण या लाभाची किंमतही असते. जागा अकराच असतात. ओहायो स्टेटमधून बरोला निघावे लागले, अलाबामातून जेलन हर्ट्सला ओक्लाहोमाला जावे लागले, ते याच दाटीमुळे. ज्याला सामन्यात उतरायलाच मिळाले नाही, त्याला नामांकित सोबत्यांचा उपयोग अर्धाच. शिवाय शिक्षण कॉलेज सोडल्यावरही संपत नाही. जॉश ॲलन बफेलोच्या व्यावसायिक संघात गेला तेव्हा पहिल्या हंगामात त्याच्या ५२.८ टक्के फेकी झेलल्या गेल्या होत्या. तिसऱ्या हंगामात, २०२० मध्ये, ते प्रमाण ६९.२ वर गेले. ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळलेला जॉर्डन मेलाटा अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना न खेळता २०१८ मध्ये सातव्या फेरीत निवडला गेला, आणि फिलाडेल्फियात जेफ स्टाउटलँड यांनी त्याला पुढच्या फळीतला आधारस्तंभ केला. त्याच्या मागे ना तारे होते ना कॉलेज. होते ते अजस्र शरीर, ते ओळखणारी नजर, आणि शिकवायला मिळालेली वर्षे.

ही वर्षेच आता आटत चालली आहेत. विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंनी नाव नोंदवायचे ट्रान्स्फर पोर्टल ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झाले. २०२१ पासून खेळाडूला एकदा विद्यापीठ बदलूनही लगेच खेळता येऊ लागले, आणि २०२४ मध्ये तर बदलांच्या संख्येवरची मर्यादाच उठली. जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येऊ लागले. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे त्यांना थेट पैसेही देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. याचा परिणाम घडवणाऱ्यांवर होतो. लहान विद्यापीठाने दुर्लक्षित मुलगा हेरला, दोन वर्षे खाऊपिऊ घातले, जागा बदलून पाहिली आणि तो चमकू लागला, की मोठे विद्यापीठ त्याला घेऊन जाते. कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसन विद्यापीठातून इंडियानाला गेले तेव्हा त्यांच्याबरोबर तिथले तेरा खेळाडूही गेले. कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात तेव्हा सर्वाधिक पराभव नावावर असलेल्या इंडियानाने २०२४ मध्ये नियमित हंगामात एकच सामना गमावला. पारखून घडवण्याचा हा विजयच आहे. पण ज्या विद्यापीठाने पहिली गुंतवणूक केली, त्याच्या हाती काही उरले नाही. घडवणाऱ्याला फळ मिळत नसेल तर घडवायचे कशाला, तयार माल उचलावा, हा विचार मग शहाणपणाचा ठरतो.

म्हणून जुने निर्बंध परत आणावेत, असे मात्र मी म्हणणार नाही. पोर्टलच्या आधी प्रशिक्षक कोट्यवधींच्या करारावर हवे तेव्हा निघून जात, आणि त्यांच्या शब्दावर आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला मात्र विद्यापीठ बदलले तर वर्षभर बाहेर बसावे लागे. ते अन्यायाचे होते. खेळाडूचे स्वातंत्र्य न काढता घडवणाऱ्याला वाटा देण्याची रीत जगात आहे. सॉकरमध्ये फिफाच्या नियमांप्रमाणे खेळाडू एका क्लबमधून दुसऱ्या क्लबमध्ये विकला गेला, की बारा ते तेवीस या वयात त्याला ज्या क्लबांनी शिकवले त्यांच्यात त्या रकमेचे पाच टक्के वाटले जातात. अमेरिकेत अशी खरेदीची रक्कम नाही, त्यामुळे ही पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही. पण थेट पैसे द्यायला लागलेल्या मोठ्या विद्यापीठाने, दुसऱ्याने घडवलेला खेळाडू घेताना आधीच्या विद्यापीठाला, खेळाडूच्या पैशाला हात न लावता, काही रक्कम द्यावी, हे अशक्य नाही. तसे झाले तर पारख करणाऱ्याला पारख करत राहण्याचे कारण उरेल.

तोवर निर्णय घेणाऱ्या कुटुंबाने काय विचारावे? तुमचे किती खेळाडू ड्राफ्टमध्ये गेले, हा प्रश्न बहुतेक जण विचारतात, आणि त्याचे उत्तर मुख्यतः भरतीविषयी असते. त्याऐवजी विचारावे: माझ्या मुलाच्या जागेवर खेळणारे, त्याच्याइतकीच प्रत घेऊन आलेले किती जण गेल्या दहा वर्षांत इथे आले, आणि त्यांतले किती पुढे सरकले? त्या जागेचा प्रशिक्षक इथे किती वर्षे टिकला आहे? सुरुवातीच्या वर्षी न खेळणाऱ्या मुलाला इथे धीर दिला जातो, की दुसरीकडे पाठवले जाते? दोन टक्क्यांच्या आतले सोडून बाकीच्या मुलांचे इथे काय होते? ही उत्तरे फलकावर नसतात. ती नोंदींतून शोधून काढावी लागतात, आणि बहुतेक विद्यापीठे तशा नोंदी ठेवतही नाहीत. आकड्यांचे एवढे वेड असलेल्या खेळात ही उणीव अपघाताने राहिलेली नाही. अंतराचा हिशेब उघड झाला, तर मन वळवण्यावर उभे असलेले पुष्कळ मोठेपण डळमळेल. संस्थेला श्रेय द्यायचे ते तिच्या दारातून किती मोठी माणसे बाहेर पडली याचे नसावे. ती किती पुढे गेली, याचे असावे. ज्या संस्थेला हे अंतर सांगता येत नाही, तिच्या यशाचा मोठा भाग तिच्यापर्यंत येण्याआधीच दुसऱ्या कोणी तरी घडवलेला आहे, असे आपण खुशाल धरून चालावे, मग ती संस्था अलाबामात असो वा आपल्या गावात.